गाडी लावायची आहे

फाटकाचा दांडा खाली आला तो अगदी सावकाश, भरपेट जेवलेल्या माणसाने लोडाला टेकावं तसा, आणि गाडीच्या काचेसमोर आडवा होऊन राहिला. त्याने ब्रेक दाबला. हवा फुस्स झाली. वॉचमनने खिडकीतून हात बाहेर काढला.

"पास?"

"कसला पास?"

"बाहेर जायचा."

"अहो, आत्ता तर आत आलो. तुम्हीच घेतलंत. ऑफिसातल्या मॅडम जेवायला गेल्यात म्हणून परत चाललोय. नुसती लावली होती गाडी."

"तेच म्हणतोय मी. लावलेली गाडी पासाशिवाय बाहेर जात नाही."

"लावली म्हणजे उभी केली होती हो!"

"येताना काय म्हणालात? गाडी लावायची आहे. मी विचारलं, कंपनीत का? तुम्ही मान हलवलीत. मी मशीनमध्ये टाकलं." वॉचमनने शेजारच्या मशीनवर हात ठेवला, घरातल्या कर्त्या मुलाच्या पाठीवर ठेवावा तसा. "आता ती कंपनीची गाडी झाली. मॅडमनी सोडली की सुटेल."

"अशी कशी झाली? माझं लग्न ठरायलासुद्धा यापेक्षा जास्त वेळ लागला होता."

"लागला असेल. तिथे मशीन नव्हतं."

मागच्या गाडीने भोंगा दिला. तिच्याजवळ पास होता, तिची घाई खरी होती. त्याने गाडी रिव्हर्सला टाकली आणि आरशात बघत बघत, लाज वाटण्याइतक्या सफाईने, पुन्हा मघाच्याच जागी नेऊन लावली. म्हणजे उभी केली. म्हणजे आता कुठला शब्द वापरावा तेच त्याला कळेना. आयुष्यभर तो हा शब्द वापरत आला होता आणि शब्दाने कधी त्याच्याकडे वळून पाहिलं नव्हतं. गाडी झाडाखाली लावतात आणि भाड्याच्या फेऱ्या मिळाव्यात म्हणून गाडी कंपनीकडेही लावतात. एका लावण्यात किल्ली आपल्या खिशात राहते, दुसऱ्यातही राहते, पण पहिल्यात ती आपण काढतो आणि दुसऱ्यात कुणीतरी काढ म्हटल्यावर काढतो. दिवा लावतात, जीव लावतात, मुलींची लग्नं लावतात, कुलूप लावतात. चुनाही लावतात. भाषा करणाऱ्या माणसाला गाडी नसावी, असती तर त्याने या कामांना वेगवेगळे शब्द दिले असते.

आवार मोठं होतं, आणि इतकं स्वच्छ की त्याला पाय टाकताना चप्पल काढावीशी वाटली होती. जमिनीवर पांढऱ्या रेघा, रेघांत आकडे, आकड्यांवर गाड्या. सगळ्यांच्या दारांवर एकच निळा पट्टा, पट्ट्यावर कंपनीचं नाव. पट्ट्याखाली बारीक अक्षरात मालकांची नावं, लग्नपत्रिकेत शेवटी आमचे येथे येण्याचे करावे म्हणणाऱ्या दूरच्या नातेवाइकांसारखी. त्या ओळीत त्याची गाडी तेवढी बिनपट्ट्याची, नवी, लाल. शाळेच्या गणवेशात न आलेलं पोर जसं एकाच वेळी ऐटीत आणि रडवेलं दिसतं तशी ती त्याला दिसली. ही गाडी घेईपर्यंत त्याने जन्मभर दुसऱ्यांच्या मालाच्या गाड्या चालवल्या होत्या. स्वतःची घेतली की संपलं, असं त्याला वाटलं होतं. काय संपलं, हे त्याने कधी नीट ठरवलं नव्हतं, पण काहीतरी संपणार होतं खास. घेतल्यावर पहिल्यांदा एका गोदामाच्या दारात गेला तेव्हा तिथल्या माणसाने विचारलं होतं, गाडी कुणाकडे लावलीय? तो छाती काढून म्हणाला, माझीच आहे. तो माणूस म्हणाला, ते कळलं हो, पण कुणाची आहे? हा प्रश्न त्याने पुढे प्रत्येक दारात ऐकला. एकट्या गाडीला माल कुणी देत नाही. माल हवा तर वर कुणाचं तरी छत्र हवं, आणि छत्राची दांडी ज्याच्या हातात तो छत्र मिटूही शकतो. गाडी घेतली तरी ती घरासमोरच उभी होती, आणि शेजारचे लोक विचारत होते, काय मालक, आज सुट्टी?

गाडी लावायला तीन दारं होती. गेले कित्येक दिवस तो मनातल्या मनात त्या तिन्ही दारांशी जाऊन, आत डोकावून, चप्पल न काढताच परत येत होता. पहिलं दार जुन्या मालकांचं. त्यांच्याकडे तो वाढलाच म्हणायचा. ते त्याला कधी नावाने हाक मारत नसत, "अरे आपला" म्हणत. अरे आपला कुठे गेला, अरे आपल्याला चहा द्या. गाडीवर बसवताना त्यांनी पाठीवर थाप मारून म्हटलं होतं, "ही तुझीच समज." त्याने समजली. तिचा प्रत्येक खडखडाट त्याला तोंडपाठ होता, कुठल्या चढावर ती कुरकुरते आणि कुठे उगीच लाडात येते ते तो झोपेत सांगू शकला असता. मग एक दिवस ती विकली गेली आणि त्याला दुसरी मिळाली, तीही तुझीच समज. समजून समजून माणसाची समज वाढते, गाडी वाढत नाही. तो सोडायचं म्हणाला तेव्हा ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "घे बाबा स्वतःची. आणि लावायची असेल तर आपल्याकडेच लाव. आपलं दार उघडंच आहे." वडील दवाखान्यात होते तेव्हा हे गृहस्थ बाकावर रात्रभर बसले होते, घरी जा म्हटलं तरी गेले नव्हते. अशा माणसाकडे गाडी लावली आणि त्याने भाड्यात हात मारला, तर तोंड कसं उघडायचं? तोंड उघडलं की त्यातून तो बाक बाहेर आला असता. त्यांनी बाकाचं नाव कधी काढलं नव्हतं, काढणारही नव्हते, त्यांच्यासारखा सज्जन माणूस बाकावर एकदाच बसतो आणि मग तो बाक तुमच्या घरी पाठवून देतो. जन्मभर तुमच्या बैठकीच्या खोलीत तो पडून राहतो. पाहुण्यांना दिसत नाही, तुम्ही मात्र रोज अडखळता.

दुसरं दार साडूचं. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे थोरला साडू, आणि साडूंमध्ये थोरला-धाकटा हा हिशेब वयाने लागत नाही, पोटाच्या घेरानेही लागत नाही, तो सासऱ्यांच्या घरी कुणाला आधी पाणी विचारतात त्यावर लागतो. साडूच्या सात गाड्या. कंपनीला त्याने स्वतःच्याच आईचं नाव दिलेलं, त्यामुळे भाडं थकलं तरी कुणाला कंपनीला शिवी देता येत नसे. गेल्या वेळी भेटला तेव्हा खांद्यावर हात टाकून, त्या हाताचं पूर्ण वजन खांद्यावर सोडून, तो म्हणाला होता, "बाहेर कुठे जाताय? आपण एकाच सासऱ्याचे जावई. आपल्यात कागद कशाला?" कागद नको हे ऐकून त्याला क्षणभर बरं वाटलं होतं, कारण कागद त्याला आवडत नसत. मग त्याला साडूचा चुलतभाऊ दिसला. त्या दिवशी घरात कसलंसं कार्य होतं, माणसं जेवत होती आणि तो चुलतभाऊ खुर्च्या उचलत होता. एकावर एक रचलेल्या खुर्च्यांची चळत छातीशी धरून, हनुवटीने वरची खुर्ची दाबून, तो दारातून आडवा होत चालला होता, आणि कुणी त्याला वाट देत नव्हतं. त्याचीही गाडी साडूकडे लावलेली. परक्यांना साडू तारखेला पैसे देई, चुलतभावाला म्हणे, घरचंच आहे, कुठे पळतंय? पळत काहीच नव्हतं खरं. चुलतभाऊ तर मुळीच नाही. त्या दिवशी पानावर बसून तो त्या खुर्च्यांकडेच बघत राहिला, आणि बायकोने पलीकडच्या ओळीतून खुणेने विचारलं, काय झालं? त्याने मानेने सांगितलं, काही नाही. खुर्च्या, असं खुणेने कसं सांगणार.

तिसरं दार हे. आता त्यातून बाहेर पडता येत नव्हतं, म्हणजे त्याच्यापुरता प्रश्न सुटलाच होता, असं एखाद्या विनोदी माणसाने म्हटलं असतं. तो खाली उतरला. उन्हाने रेघांचा रंग मऊ झाला होता, चपलेला चिकटल्यासारखा वाटत होता. शेजारच्या गाडीच्या आरशावर धुतलेला शर्ट हँगरला लावून वाळत घातला होता आणि एक पिकल्या मिशांचा गृहस्थ काचेवरचे मेलेले किडे नखाने खरवडून काढत होता, एकेक करून, घाई नसल्यासारखा.

"नवीन?" गृहस्थाने विचारलं.

"नाही. म्हणजे चुकून आत आलोय."

"मीही तसाच." तो हसला. मिशांखाली दात कमी होते पण हसणं भरपूर होतं. "मला इथे पाव्हणा म्हणतात. कुणालाही विचार, पाव्हण्याची गाडी कुठली, दाखवतील."

"का हो?"

"आलो तेव्हा म्हणालो होतो, आपण पाव्हणे माणूस, चार महिने बघू, नाही जमलं तर आपली वाट धरू. तेव्हापासून पाव्हणा." त्याने एक किडा उडवला. "माझ्यानंतर आलेली पोरं आता मलाच विचारतात, पाव्हणे, निघायचं कधी?"

"मग निघाला का नाहीत? सोडत नाहीत का?"

"छे छे! लेखी द्यायचं, पंधरा दिवसांत मोकळे. वर हार घालतात, फोटो काढतात. माणसं वाईट नाहीत रे इथली. तीच तर पंचाईत आहे." पाव्हण्याने शर्टाची बाही दाबून वाळली का ते पाहिलं. "सोडून जायचं म्हणजे कुणाकडे तरी जायचं ना. तिकडे जाऊन परत पहिल्यापासून पाव्हणा व्हायचं. या वयात कोण होतो?"

"कधी भांडलात का कुणाशी? पैशावरून, फेरीवरून?"

"पाव्हण्याने भांडू नये," पाव्हणा अगदी मनापासून म्हणाला, आणि पुन्हा काचेकडे वळला.

तो आपल्या केबिनमध्ये येऊन बसला. सीटवरचं प्लास्टिक त्याने अजून काढलं नव्हतं, ते उन्हाने तापून मांड्यांना चिकटत होतं, हललं की कुणीतरी कानात कागद चुरगाळल्यासारखं वाजत होतं. पाव्हण्याचं वाक्य त्याच्या डोक्यात उलटंसुलटं व्हायला लागलं. पाव्हण्याने भांडू नये. बरोबर. उपकाराखाली असलेल्याने भांडू नये, तेही बरोबर. साडूने साडूशी भांडू नये, कारण ते भांडण दोन बहिणी पदर खोचून पुढे जन्मभर चालवतात. म्हणजे तो गेले कित्येक दिवस तिन्ही दारांच्या चौकटी मोजत होता, कोण किती टक्के कापतो, कोण किती फेऱ्या देतो, डिझेल कुणाचं, टायर कुणाचे; आणि खरा प्रश्न बाजूला उभा राहून दात कोरत होता. ज्याच्याशी भांडता येईल त्याच्याकडे गाडी लावावी. एवढंच. मालक असणं म्हणजे दुसरं काय असतं? गाडी तर बँकेचीही असते. पण आवाज चढवायचा, टेबलावर हात आपटायचा, हे चालणार नाही म्हणायचं, आणि घरी येऊन शांत झोपायचं, बाक आणि खुर्च्या आडव्या न येता. जुन्या मालकांकडे असताना तो कधी भांडला नव्हता. लोक त्याला गुणी म्हणत. गुणी माणसाच्या घशात जे साठतं त्याला नाव नाही, डॉक्टर त्याला आम्लपित्त म्हणतात. इथे त्याला कुणी ओळखत नव्हतं. कुणी त्याच्या बापाच्या उशाला बसलं नव्हतं. इथल्या मॅडमची बहीण त्याच्या घरात नव्हती. वॉचमनशी त्याने मघाशी, किती सहज, वाद घातला होता! त्याला जाणवलं की फाटकापाशी, दांडा खाली असताना, तो कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मोकळा बोलला होता. त्याने हात पुढे करून सीटवरच्या प्लास्टिकचा एक कोपरा पकडला आणि फाडला. पूर्ण नाही निघालं. पण सुरुवात बरी वाटली.

मॅडम वरच्या मजल्यावर, काचेच्या खोलीत होत्या. वय त्याच्या धाकट्या बहिणीएवढं, केस घट्ट बांधलेले, चेहरा असा की रागावायला कुठे जागाच नाही. त्याला बघून त्या उठून उभ्या राहिल्या.

"या मालक, बसा. वॉचमनने सांगितलं मला. चूक आमची आहे. पास तयार ठेवलाय, तुम्ही आत्ता जाऊ शकता." त्यांनी खरंच एक चिठ्ठी पुढे सरकवली.

त्याने चिठ्ठीकडे पाहिलं. एवढ्या सहज सुटका होईल असं त्याला वाटलं नव्हतं. आणि सुटलो तर कुठे, हा विचार त्या चिठ्ठीच्याच मागच्या बाजूला लिहिल्यासारखा त्याला वाचता आला. घरासमोरची जागा. काय मालक, आज सुट्टी? त्याने चिठ्ठी परत सरकवली.

"लावतो गाडी," तो म्हणाला. "विचार केलाय मी."

सह्या झाल्या. मॅडमनी प्रत्येक पान वाचून दाखवलं, कुठे काही लपवलं नाही, दोनदा म्हणाल्या, घाई करू नका, हवं तर घरी दाखवून आणा. शेवटची सही झाल्याबरोबर तो सावरून बसला, घसा खाकरला आणि आवाज चढवला. त्याला स्वतःला तो आवाज थोडा अनोळखी वाटला, दुकानातून नवाच आणल्यासारखा.

"आता एक सांगतो. आज माझी गाडी तुमच्या चुकीने अडकून पडली. त्याची भरपाई मला पाहिजे."

"अगदी बरोबर आहे तुमचं," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या खात्याला लावते मी."

"आणि दारावर माझं नाव बारीक अक्षरात चालणार नाही."

"मोठं काढा ना. पट्टा आमचा, बाकी दार तुमचं."

"रविवारी मी गाडी काढणार नाही. कुणी सांगितलं तरी नाही."

"नका काढू. तुमचीच गाडी आहे मालक."

त्याने टेबलावर आपटायला उचललेला हात तसाच हवेत राहिला, मग त्याने त्याच हाताने कान खाजवला. दार ढकलायला धावत जावं आणि ते आधीच उघडं असावं, तसा तो त्या खोलीत पुढे पुढे गेला आणि कुठे आपटलाच नाही.

"म्हणजे मी कुठल्याही फेरीला नाही म्हणू शकतो?"

"शंभर टक्के. फक्त नाही म्हटलेल्या फेऱ्या सिस्टीम बघते. त्यावरून पुढच्या फेऱ्या ठरतात. लांबच्या, जवळच्या, रिकामं परत यायच्या. ते माझ्याकडे नाही, मालक, उगीच तुम्हाला खोटं कशाला सांगू."

"मग कोणाकडे आहे?"

"सिस्टीमकडे."

"ती बसते कुठे? मला बोलायचंय तिच्याशी."

मॅडम हसल्या. कुत्सित नाही, दमलेल्या बाईचं हसणं होतं ते, आणि पहिल्यांदाच त्याला त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली. "अहो, माझंसुद्धा तिच्यापुढे काही चालत नाही. माझी रजा तीच ठरवते." मग चेहरा पुन्हा नीट लावून त्यांनी काहीतरी टाइप केलं. "तरी तुमची तक्रार नोंदवते हं मी."

तो जिना उतरत होता तेव्हाच खिशात फोन थरथरला. तुमची तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे. खाली सही नव्हती. त्याने जिन्यातच थांबून तो संदेश दोनदा वाचला, एखाद्या शब्दात काही धार सापडते का, कुठे बोट कापतं का, ते बघत. नाही कापलं. बाक नव्हता, खुर्च्या नव्हत्या, खांद्यावर कुणाचा हात नव्हता. भिंतीला डोकं टेकवावं म्हटलं तर भिंतसुद्धा नव्हती, सगळी काच.

गाडीपाशी एक माणूस दारावर निळा पट्टा चिकटवत होता. फडक्याने दाबून, आतली हवा कडेला ढकलत, फार निगुतीने. लाल रंगावर तो पट्टा वाईट दिसत नव्हता, हे त्याला कबूल करावं लागलं. तो वर चढून बसला आणि बायकोचा फोन आला.

"काय झालं हो? ठरलं का?"

"लावली."

"कुठे?"

"मोठ्या कंपनीत."

पलीकडे भांडी वाजायची थांबली. तो वाट बघत राहिला. त्याला वाटलं, आता ही चिडेल. मला विचारलंत का म्हणेल, ताईला आता तोंड कसं दाखवू म्हणेल, तुम्हाला माझ्या माहेरचं कधी काही पटलंच नाही, इथून सुरू करून पार लग्नातल्या मानपानापर्यंत जाईल. त्याने फोन कानाशी घट्ट धरला. त्याला ते सगळं हवं होतं.

"बरं," बायको म्हणाली.

"बरं काय? तुझ्या ताईला काय सांगशील?"

"सांगेन, आमच्या मालकांनी ठरवलं." तिच्या आवाजात हसू होतं, आणि सुटल्यासारखं काहीतरी. "माझं काय चालतंय म्हणावं त्यांच्यापुढे."

पट्टा चिकटवणारा माणूस खालून म्हणाला, झालं मालक, दोन दिवस पाणी लागू देऊ नका.

"अगं, भांड तरी," तो शेवटी म्हणाला.

"काय?"

"भांड ना माझ्याशी. विचारलं नाही तुला मी."

"मी कशाला भांडू?" ती खरंच गोंधळली. "गाडी तुमची, सही तुमची, उद्या काही झालं तर तुम्ही आहात. ताईचंही मी ऐकायचं नि तुमचंही, दोन्हीकडून मीच का? तुम्ही म्हणाल तसं. येताय ना जेवायला? का लगेच जायचंय कुठे?"

तेवढ्यात फोन कानाशीच थरथरला. त्याने तो समोर धरला. सिस्टीमकडून पहिली फेरी आली होती. लांबची, आणि रविवारची. खाली दोन चौकोन होते, होकाराचा हिरवा, नकाराचा तांबडा, आणि त्यांच्या वर बायकोचं नाव तसंच चालू होतं, ती तिकडे वाट बघत होती. फेरीही वाट बघत होती. दोघींनाही कसली घाई नव्हती, दोघीही त्याच्या शब्दाबाहेर नव्हत्या. त्याने अंगठा हिरव्यावर ठेवला आणि "हो," म्हणाला, आणि तो कुणाला हो म्हणाला हे तिकडे एकीलाही विचारावंसं वाटलं नाही.